परतीची वेळ आधी ठरवावी

कराडहून कोकणात उतरणारा रस्ता कुंभार्ली घाट संपवून सपाटीला येतो तेथे पोफळी लागते. सांगली, कोल्हापूर, सातारा, कराड या भागांतील व्यापारी कुटुंबे सुट्टीत समुद्र पाहण्यास निघतात तेव्हा त्यांतील बहुतेकांची कोकणाशी पहिली भेट याच गावी होते. घाटातील वळणांनी कंटाळलेली मुले येथे खाली उतरतात, चहा होतो, आणि "आता समुद्र किती लांब?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. समुद्र अजून बराच दूर असतो. पोफळीहून चिपळूण, चिपळूणहून सुमारे ४५ किलोमीटरवर गुहागर, आणि तेथून दक्षिणेस वेळणेश्वर व हेदवी असा तो मार्ग आहे.

पोफळीला समुद्र दिसत नसला तरी पाण्याची शिस्त मात्र हे गाव चांगली ओळखते. कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून येथील भूमिगत वीजगृहात उतरते, जनित्रे फिरवते, कोळकेवाडीच्या जलाशयात साठते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून चिपळूणमार्गे दाभोळच्या खाडीला मिळते. विजेची मागणी वाढली की जनित्रे जोराने चालतात आणि खालच्या अंगाला नदीचे पाणी चढते. आकाश निरभ्र असले तरी पाणी वाढू शकते, हे या खोऱ्यातील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून नदीच्या पात्रात उतरण्यापूर्वी तो पाणी सोडण्याची वेळ विचारून घेतो.

समुद्राचेही असेच वेळापत्रक आहे. किंबहुना ते अधिक काटेकोर आहे, कारण ते कोणाच्या मागणीवर अवलंबून नसते. तथापि समुद्र पाहण्यास जाणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक ते विचारतात. निवासाची खोली, जेवणाची सोय, गाडीतील इंधन, या सर्वांची चौकशी होते. भरती किती वाजता आहे, एवढाच प्रश्न राहून जातो.

वांद्र्याची ती सायंकाळ

९ जुलै २०२३, रविवार. मुंबईतील एक दांपत्य आपल्या मुलांसह सुट्टीचा दिवस घालवण्यास बाहेर पडले होते. त्यांना आधी जुहूला जायचे होते. भरतीमुळे तेथे किनाऱ्यावर जाऊ दिले नाही, म्हणून ते वांद्र्याच्या बँडस्टँडला गेले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. पतिपत्नी पाण्यालगतच्या खडकावर छायाचित्रासाठी बसली. मुले मागे उभी राहून मोबाइलवर चित्रण करीत होती. एक मोठी लाट आली आणि दोघांचाही तोल गेला. पतीने पत्नीच्या साडीचा पदर घट्ट धरला, जवळच्या एका माणसाने पतीचा पाय धरून ठेवला. पती वाचला, पत्नी लाटेबरोबर गेली. शोधपथकाच्या हाती नंतर तिचा मृतदेहच लागला. मुलांनी हौसेने सुरू केलेल्या चित्रणात ते सारे टिपले गेले आणि पुढे कित्येक दिवस देशभर पाहिले गेले.

त्या चित्रफितीवर पुष्कळ टीका झाली. निष्काळजीपणा, छायाचित्रांचे वेड, मुलांसमोर केलेले धाडस, असे नाना दोष लोकांनी काढले. परंतु कोणत्याही घरातील छायाचित्रसंग्रह उघडून पाहावा. खडकावर बसलेले पतिपत्नी आणि मागे फेसाळणारा समुद्र, असे एखादे छायाचित्र त्यात सापडतेच. फरक एवढाच की, तेथे ती लाट आली नाही. म्हणून दोष देण्यापेक्षा त्या दिवसाचा हिशेब समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे.

तिथीवरून भरती

हा हिशेब मांडण्याची एक जुनी रीत कोकणात आहे, आणि ज्या घरात आठम-चौदस आजही पाळली जाते त्या घराला ती सहज समजेल. रीत अशी: त्या दिवशी जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन व पहाटे तीन. अष्टमी असेल तर सहा. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमा वा अमावास्या म्हणजे पंधरा धरून सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करावयाची. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते.

यामागील कारण सरळ आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते आणि तिथी हेही चंद्राचेच गणित आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. ही रीत अर्थात स्थूल आहे. जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे तासभर इकडेतिकडे होऊ शकते. अचूक वेळांसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके आहेत, आणि आज मोबाइलवरही त्या वेळा मिळतात. तरी घरातून निघतानाच अंदाज यावा यासाठी पाऊणपटीचा हा तोंडी हिशेब पुरेसा आहे.

तो हिशेब ९ जुलै २०२३ ला लावून पाहावा. त्या दिवशी आषाढ वद्य सप्तमी होती. साताची पाऊणपट सव्वापाच. दुर्घटना घडली ती सायंकाळी पाचच्या सुमारास. म्हणजे ते दांपत्य खडकावर बसले तेव्हा समुद्र जवळजवळ पूर्ण भरला होता.

या तारखेत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या आगेमागे समुद्राला उधाण येते. तेव्हा भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल असते. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी होतो, त्यास कोकणात भांग म्हणतात. सप्तमी ही उधाणाची तिथी नव्हे, तरीही तो प्रसंग घडला. पावसाळ्यात दूरवरच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा भांगाच्या दिवशीही खडकावर तितक्याच जोराने आदळतात. भरतीचे गणित पाण्याची पातळी सांगते, लाटेची उंची सांगत नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि किनाऱ्यावर राहणारी माणसे नारळी पौर्णिमा होईपर्यंत समुद्राला मान देऊन दूर राहतात. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते ज्या दिवसांत पाण्यात जात नाहीत, त्याच दिवसांत घाटावरचा पाहुणा खडकावर चढून बसतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

एक मांडून पाहिलेले उदाहरण

आता समजा, घाटावरचे एक मध्यमवयीन दांपत्य पोफळीला नातेवाइकांकडे उतरले आहे. ऋतू हिवाळ्याचा, आकाश स्वच्छ, समुद्र शांत. वद्य चतुर्थीचा दिवस आहे. दोघे सकाळी सातला निघतात आणि दहाच्या सुमारास हेदवीला पोहोचतात. हेदवीचे दशभुज गणेशाचे मंदिर टेकडीवर आहे आणि समुद्रालगत उमामहेश्वराचे मंदिर आहे. तेथून पुढे खडकांवरून चालत गेले की बामणघळ लागते. खडकात पडलेली ही अरुंद, खोल चीर असून भरतीचे पाणी तीत शिरले की मोठा आवाज होऊन उंच फवारा उडतो. पाहण्याजोगे ते दृश्य आहे, आणि त्याच कारणाने जपून राहण्याजोगी ती जागा आहे.

साडेदहाला दोघे खडकावर उतरतात. चतुर्थी असल्याने पूर्ण ओहोटी नऊच्या सुमारास होऊन गेली आहे. खडक दूरवर उघडे पडले आहेत. वाळलेले दिसतात म्हणून ते कायमचेच कोरडे आहेत असा समज होतो. पाणी परतू लागून दीड तास झाला आहे, हे डोळ्यांना जाणवत नाही. घळ पाहून झाल्यावर पतीला डोंगराच्या टोकाला वळसा घालून पलीकडे काय आहे ते पाहावेसे वाटते. पत्नीच्या मनात शंका येते. ती विचारते, "अहो, पाणी वाढल्यासारखं वाटतंय का?" उत्तर येते, "अगं, अजून किती लांब आहे ते! पाच मिनिटांत येऊ." पाच मिनिटांची पंचेचाळीस होतात. पलीकडे एक छोटीशी निर्जन पुळण असते, दोघे तेथे बसतात, बरोबरचा खाऊ खातात. परत फिरतात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, आणि येताना ज्या खळग्यातून कोरड्या पायांनी आले तेथे आता फेस उसळत असतो.

येथे काय घडले? भरतीचे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा यासाठी बारा भागांचा एक ठोकळ नियम आहे. एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी येते. एकूण चढ दोन मीटरचा धरला, तर पहिल्या तासात वीतभरही न चढलेले पाणी तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून मीटरभर चढते. नऊ वाजता ओहोटी झाली असेल तर हे दोन तास अकरा ते एकचे. आपले दांपत्य नेमके त्याच वेळी पाण्याकडे पाठ करून बसले होते.

व्यापारी वाचकाला हा आकडा नवा वाटू नये. व्याज सुरुवातीला किरकोळ दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. नंतर ते वाढू लागले की त्याला गाठणे कठीण होते. समुद्राच्या बाबतीत एवढेच अधिक की तेथे मुदतवाढ मिळत नाही.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

हे केवळ हेदवीपुरते नाही. वेसवीहून बागमांडल्याला तरीने सावित्रीची खाडी ओलांडून पुढे गेले की रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर येते. तेथील प्रदक्षिणेचा मार्ग टेकडीवर चढतो, दोन उंच कातळभिंतींमधील पायऱ्यांनी थेट समुद्राशी उतरतो आणि लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकांवरून वळसा घेत मंदिराकडे परत येतो. ओहोटीला हा मार्ग अत्यंत रमणीय असतो. भरतीला त्याचा खालचा भाग पाण्याखाली जातो. भरतीच्या वेळी प्रदक्षिणेस जाऊ नये अशा सूचना तेथे लावलेल्या आहेत, तरीही वर्षानुवर्षे तेथे माणसे वाहून गेलेली आहेत. सूचना वाचणारा प्रवासी लांबून आलेला असतो, त्याच्याजवळ एकच दिवस असतो, आणि 'इतके आलो, आता अर्ध्यावर कसे परतायचे' हा विचार सूचनेपेक्षा बलवान ठरतो.

परदेशातही हेच दिसते. इंग्लंडच्या वायव्येस मोरकँब नावाचा उपसागर आहे. ओहोटीला तेथे मैलोनमैल वाळू उघडी पडते. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री त्या वाळूवर शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात सापडून मरण पावले. ते त्या भूमीत परके होते आणि पाण्याची वेळ त्यांना ठाऊक नव्हती. त्याच वाळूवरून प्रवाशांना सुखरूप पलीकडे नेण्यासाठी सोळाव्या शतकापासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो. जेथे वाटाड्याला विचारून पाऊल टाकले जाते तेथे लोक आनंदाने चालत जातात. समुद्र तोच, वाळूही तीच. विचारणे तेवढे वेगळे.

आपल्या चिपळूणच्या बाजारपेठेनेही भरतीचा अर्थ फार मोठी किंमत देऊन जाणला आहे. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने वाशिष्ठी फुगली. त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, पौर्णिमा दोन दिवसांवर होती, समुद्राला उधाण होते. भरतीचे पाणी खाडीतून गोवळकोटपर्यंत येते, त्यामुळे नदीच्या पाण्याला उतरण्यास वाव कमी राहिला. बाजारपेठेत पुरुषभर उंचीहून अधिक पाणी चढले. दुकानांतील माल, वह्या, फर्निचर सारे चिखलात गेले. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांनी पिढ्यांची पेढी पुन्हा पहिल्यापासून उभी केली. त्यांना आता भरतीची तिथी सांगावी लागत नाही.

अडकल्यावर

उदाहरणातील दांपत्याने आता काय करावे? पहिली गोष्ट, फेसाळणाऱ्या खळग्यातून धावत जाण्याचा मोह आवरावा. बहुतेक वेळा जीव जातो तो अडकल्यामुळे नव्हे, तर घाईने सुटू पाहण्यामुळे. गुडघाभर वाटणारे पाणी लाटेच्या धक्क्याने माणसाला सहज उलथवते आणि भोवताली धारदार कालवे चिकटलेले खडक असतात.

दुसरी गोष्ट, उंच जावे. खडकावर एक रेघ दिसते. तिच्या खाली शेवाळ, कालवे आणि काळपट ओल असते, वर कोरडा उजळ कातळ आणि क्वचित गवत असते. पाणी रोज कोठपर्यंत येते हे ती रेघ सांगते. तिच्या बरेच वर सुरक्षित जागा मिळाली तर तेथे स्वस्थ बसावे. भरती संपते. तीन वाजता पूर्ण भरलेले पाणी साडेपाच-सहापर्यंत पुष्कळ उतरलेले असते. पाच-साडेपाच तास उन्हात व तहानेत काढणे त्रासाचे आहे, परंतु त्यात कोणाचा जीव जात नाही. मात्र हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. अंधारात खडकावरून चालू नये, मदत येईपर्यंत जागा सोडू नये.

तिसरी गोष्ट, वेळेत कळवावे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा. तटरक्षक दलाचा शोध व बचाव क्रमांक १५५४ आहे. डोंगराच्या पायथ्याशी मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून निघतानाच पोफळीच्या घरी सांगून यावे: कोठे जात आहोत, किती वाजता परत येऊ, आणि त्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर कोणाला कळवायचे.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण आहे. जोडीदार पाण्यात पडला तर मागोमाग उडी घेऊ नये. जानेवारी २०१६ मध्ये बँडस्टँडलाच छायाचित्र घेताना एक तरुणी पाण्यात पडली, तिला वाचवण्यासाठी एक सज्जन माणूस मागे गेला आणि तोही परतला नाही. त्याच्या धैर्यापुढे नतमस्तकच व्हावे लागते. परंतु पाण्यातील माणसाला खरा उपयोग होतो तो किनाऱ्यावर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाचा. साडी, ओढणी, दोर, रिकामा बंद कॅन, जे हाती येईल ते फेकावे, झोपून हात द्यावा, नजर हटू देऊ नये आणि ओरडून माणसे जमवावीत. मनाने हे मान्य करणे अवघड आहे, म्हणूनच ते घरी असताना बोलून ठेवले पाहिजे.

'पुरे' म्हणणाऱ्याचे ऐकावे

वेळा, तिथ्या आणि क्रमांक यांपलीकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पतिपत्नींच्या नात्यातील आहे. एकटा माणस परक्या किनाऱ्यावर बहुधा जपून वागतो. दोघे असले की प्रत्येकाला दुसऱ्याचा आधार वाटतो. पतीला वाटते, ती काही बोलली नाही म्हणजे ठीकच आहे. पत्नीला वाटते, ते पुढे जात आहेत म्हणजे त्यांनी पाहिलेच असेल. वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून बाहेर पडलेल्या माणसाचा उत्साह मोडू नये म्हणून ती आपली भीती गिळते. आपण घाबरलो असे दिसू नये म्हणून तो आपली गिळतो. समुद्राकडे मात्र दोघांपैकी कोणीच पाहत नसते.

उदाहरणातील पत्नीने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला होता. ते मोजमाप नव्हते, नुसती शंका होती. परंतु परक्या पाण्याजवळ शंका हेच पुरेसे कारण मानावे. दोघांपैकी जो आधी 'पुरे' म्हणेल त्याच्याबरोबर दोघांनीही तत्काळ मागे फिरावे आणि त्यावर वाद, थट्टा वा नंतर आठवण काढून टोमणा नसावा, असा नियम घरातून निघतानाच करावा. मुले बरोबर असतील तर त्यांच्या 'पुरे'लाही तेवढेच वजन द्यावे.

पेढीवर कोणतेही कर्ज देण्यापूर्वी परतफेड कशातून होईल ते पाहिले जाते. नफ्याचा विचार त्यानंतरचा. समुद्रकाठी फिरतानाही हाच क्रम असावा. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट किती, ओहोटी केव्हा, आणि त्यावरून परत फिरण्याची वेळ कोणती, हे आधी ठरवावे. शक्यतो ओहोटीपूर्वी दीड-दोन तास निघावे आणि ओहोटीच्या क्षणी तोंड परतीकडे असावे. गावातील एखाद्या कोळ्याला वा दुकानदाराला "पलीकडे जाऊ का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. तो नको म्हणाला तर ते उत्तर अंतिम समजावे.

कोकण पाहावे, पतिपत्नींनी मिळून अवश्य पाहावे. हेदवीचा फवारा दूर उभे राहून पाहिला तरी तितकाच उंच उडतो, आणि सायंकाळी पोफळीच्या घरी दिवेलागणीपूर्वी पोहोचून तो दोघांनी मिळून सांगता येतो.